सुतकाच्या घरी चहा

आमच्या गावाचं नाव डब्लिन, पण ते ओहायोतलं. आयर्लंडशी त्याचा संबंध पाटीपुरता. रस्त्यांच्या पाट्यांवर तीन पानांची हिरवी चिन्हं रंगवलेली असायची आणि मार्चमध्ये मिरवणूक निघायची. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी आयर्लंड पाहिलं नाही ते लोकही त्या दिवशी हिरव्या टोप्या घालून हिरवी बिअर प्यायचे. कंपनीतल्या सगळ्यांनी लावला म्हणून एका वर्षी माझ्या नवऱ्यानंही हिरवा टाय लावला. तो पाहून पलीकडच्या आजी म्हणाल्या, "आता तेवढी शेपटी लावायची राहिलीय."

या आजी मात्र खऱ्या आयरिश. तिथल्या पश्चिमेच्या मेयो भागातल्या एका खेड्यातून ऐन तरुणपणी बोटीनं एकट्याच आलेल्या. क्लीव्हलंडमध्ये एका श्रीमंत घरात स्वयंपाकाला राहिल्या, तिथंच शेजारच्या खेड्यातून आलेला एक तरुण भेटला, आणि लग्न झालं. आजोबांनी जन्मभर क्लीव्हलंडात बस चालवली. निवृत्त झाल्यावर मुलीच्या जवळ राहावं म्हणून दोघं डब्लिनला आले. क्लीव्हलंडात त्यांची आख्खी वस्ती होती, एकाच मुलखातून आलेली, एकाच चर्चला जाणारी. इकडं त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं. आम्ही होतो. मैलभराच्या टापूत चार-पाच मराठी घरं, सगळे इंजिनियर नाहीतर डॉक्टर, आणि बर्फात गाडी चालवण्याच्या बाबतीत सगळे सारखेच अडाणी. आजोबांनी आम्हां सगळ्यांना बर्फात गाडी चालवायला शिकवलं, तेही ओरडून ओरडून. माझ्या नवऱ्यावर ते इतके ओरडायचे की मला मनातून फार बरं वाटायचं. जे मला म्हणता यायचं नाही ते परस्पर म्हटलं जायचं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. होती आणि नोकरीचा परवाना नव्हता. दिवसभर घरात बसून डोकं फिरायची वेळ आली की मी पलीकडे जायची. आजी बहुधा ब्रेड करत असायच्या. परातीएवढ्या भांड्यात मैदा, मीठ, खायचा सोडा, मध्ये खळगा करून त्यात ताक. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही. दुकानात 'आयरिश ब्रेड' म्हणून मनुका घातलेला गोड प्रकार मिळायचा, त्याचं नाव काढलं की आजींच्या कपाळाला आठी पडायची. "तो केक. ज्यांना भूक ठाऊक नाही त्यांच्यासाठी." पीठ त्या मळायच्याच नाहीत. बोटं पसरून दोन-चारदा फिरवायचं, गोळा जमला न जमला की थापायचा, सुरीनं वर फुली मारायची आणि भट्टीत. झाल्यावर पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकायचा, आवाज पोकळ आला की फडक्यात गुंडाळून ठेवायचा. मी पहिल्यांदा केला तेव्हा पोळ्यांची सवय, चांगला तिंबून तिंबून मळला. आजींनी तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "दाराला अडसर म्हणून छान आहे."

त्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. माझा नवरा मुंबईला उतरून सोलापूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून मायलेकांत त्या विषयावर एक शब्दही झाला नव्हता. विमानतळावर त्यानं वाकून नमस्कार केला, तिनं "वाळलास" म्हटलं, आणि झालं. मग दोघं मिळून हवेबद्दल बोलायला लागले. ते पुढे तीन महिने हवेबद्दलच बोलत होते.

सासूबाईंचं सोवळंओवळं कडक. अंड्याचा संशय आला तरी ताट सरकवायच्या, त्यामुळे अमेरिकेतला कुठलाही पाव, बिस्किट, केक बाद. डब्यावरचं बारीक इंग्रजी मी वाचून दाखवायची आणि माझ्या वाचण्यावरही त्यांचा विश्वास नसायचा. ताक म्हणून इथं जे खोक्यात मिळतं ते त्यांनी एकदा चाखलं आणि म्हणाल्या, "हे ताक नव्हे, हे नासलेलं दही." मग त्यांनी घट्ट क्रीम आणायला लावलं, त्याला विरजण लावलं, आणि बॅगेतून चक्क लाकडी रवी काढली. लोणच्याच्या दोन बरण्या कस्टमवाल्यांनी काढून घेतल्या होत्या, रवी मात्र सुटली होती.

एके सकाळी त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ताक घुसळत होत्या आणि आजी मागच्या दारानं आत आल्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. रवीकडे पाहत जागच्या जागी थबकल्या, मग सरळ खाली बसल्या, गुडघे कुरकुरले तरी बसल्या, आणि सासूबाईंच्या हातातली दोरी आपल्या हातात घेतली. मला घाम फुटला. सासूबाई आंघोळ करून, ओलेत्यानं नव्हे पण जवळजवळ तशाच भावनेनं बसलेल्या, आणि समोरची बाई आदल्या रात्री गोमांस शिजवून खाल्लेली. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिला बोलावून आणलंय.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

मी आजींना विचारलं. त्या चार हात घुसळून दोरी परत देत म्हणाल्या, "ज्या घरात लोणी निघतंय तिथं पाय ठेवला तर हात लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. नाहीतर त्या घरचं लोणी जातं. माझ्या आईच्या दारात टपालवाला आला तरी त्याला चार हात मारायला लागायचे."

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी रवी जरा सरळ केली. मग म्हणाल्या, "दृष्ट लागते म्हणतात ना, तसं. बरोबर आहे." आणि दोरी पुन्हा आजींच्या हातात दिली.

त्या दिवशी लोण्याखालचं ताक सासूबाईंनी तांब्याभर आजींना दिलं. आजींनी ते उभ्याउभ्या घोटभर प्यायलं आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत या देशात मला हे मिळालं नाही." त्या ताकाचा ब्रेड दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आला, आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच अमेरिकेतला पाव तोंडात घातला. ताक आपलं, बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. "भाकरीची थोरली जाऊ," त्या म्हणाल्या. "लोणी मात्र पाहिजे वर." यानंतर दर आठवड्याला तांब्या पलीकडे जायचा आणि ब्रेड अलीकडे यायचा.

दोघींची एकमेकींत भाषा नव्हती. मी मध्ये दुभाषी, आणि ते काम मला मनापासून आवडायचं असं नाही. दोन म्हाताऱ्या एकदम बोलायला लागल्या की मला घरातलं काहीच करता यायचं नाही. पण मी नसले तरी त्यांचं चालायचं. आजी बटाटे सालीसकट उकडायच्या, त्यात चिरलेला कोबी आणि पातीचा कांदा कालवायच्या, आणि मध्ये खळगा करून लोण्याचा गोळा सोडायच्या. सासूबाई कांदाकोबी घालायच्या आधीच आपल्या वाटचे बटाटे बाजूला काढून घ्यायच्या, कारण त्यांची कुठली ना कुठली चतुर्थी-एकादशी असायची. "सगळं बरोबर आहे," त्या म्हणायच्या, "फक्त फोडणी द्यायची विसरतात." आजींच्या घरी बटाट्याची एक फोडही वाया गेलेली चालायची नाही. त्यांच्या पणजीच्या वेळी बटाट्यावर रोग पडून माणसं रस्त्याकडेला मेली होती. ती गोष्ट त्यांच्या घरात कुणी कधी पूर्ण सांगत नसे, पण ताटात काही टाकून उठलं तर आजी त्या ताटाकडे बघत राहायच्या. सासूबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. बहात्तरचा दुष्काळ त्यांनी पाहिला होता. त्या फक्त म्हणाल्या, "आमच्याकडे सुकडी होती," आणि मी दुष्काळी कामांवर वाटल्या जाणाऱ्या त्या 'सुकडी'ला इंग्रजीत काय म्हणावं या विचारात असतानाच आजींनी मान हलवली.

जानेवारीच्या शेवटी आजोबा गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मी हाकेसरशी धावत गेले तेव्हा बाहेर हाडं फोडणारी थंडी आणि आजींनी बैठकीची खिडकी सताड उघडलेली. भिंतीवरचं घड्याळ थांबवलेलं. आरशावर चादर. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आता लाव खिडकी. जीव गेला बाहेर."

त्यांची मुलगी तासाभरात आली. मोठ्या हुद्द्यावरची, नीटनेटकी, चांगली बाई. तिनं येता येता गाडी थांबवून रस्त्यावरूनच सगळे फोन केले होते. शहरातलं अंत्यसंस्काराचं घर, फुलं, संध्याकाळी दोन तास लोकांनी भेटायला येण्याची वेळ, नंतर हॉटेलातून खाणं. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तो घरी येईल," त्या म्हणाल्या. "या खोलीत राहील. आणि लोक माझ्या हातचं खातील."

"आई, असं आता कुणी करत नाही."

"मी करते."

आजोबांचा देह पेटीत घालून दुसऱ्या दिवशी घरी आणला गेला. बैठकीत, खिडकीजवळ. मुलगी हळूच मला म्हणाली, "क्लीव्हलंडहून सगळे येतायत म्हणून बरं. नाहीतर तिला सहन व्हायचं नाही."

त्या सकाळी मी आजींबरोबर स्वयंपाकघरात होते. ब्रेडवर ब्रेड निघत होते. सासूबाईंचं ताक संपलं, मग त्यांनी आणखी घुसळून दिलं. सुतकाच्या घरात स्वयंपाक चाललेला बघून मला कसंतरीच होत होतं. आपल्याकडे त्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. आणि इथं बाई नवऱ्याच्या पेटीपासून दहा पावलांवर मैद्यात हात घालून उभी. मी तसं बोलूनही गेले. आजी थांबल्या नाहीत.

"माझ्या बापाच्या वेळी," त्या म्हणाल्या, "घरात एक पेनी नव्हती. आईनं मागून मागून पीठ आणलं. आख्खं गाव आलं, जेवलं, चहा प्यालं, त्याच्या गोष्टी सांगून हसलं, रडलं. याला 'वेक' म्हणतात. आमच्या रस्त्याला एक माणूस राहायचा, त्याच्या वेकला कुणी काही खाल्लं नाही. भांडणं होती त्याची. ते ताटातलं तसंच राहिलेलं खाणं लोक पुढे तीस वर्षं सांगत होते. मेलेल्याच्या घरचं न खाणं म्हणजे तो माणूस कुणाचाच नव्हता असं सांगणं." मग भट्टीचं दार लावून म्हणाल्या, "हा माणूस सगळ्यांचा होता. मला ते दिसलं पाहिजे, डोळ्यांनी. मग त्याला घेऊन जा कुठं न्यायचं तिथं."

अकराच्या सुमाराला पाऊस सुरू झाला, आणि पडता पडताच गोठायला लागला. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या. एकच्या बातम्यांत सांगितलं, क्लीव्हलंडहून येणारा हायवे बंद. मग फोन सुरू झाले. एकेक फोन मुलगी घ्यायची आणि फोन ठेवून नुसतीच उभी राहायची. त्यांची माणसं निघालीच नव्हती, किंवा अर्ध्या वाटेवरून परतली होती. चर्चचे फादर फोनवरच प्रार्थना म्हणाले. जेवणाच्या टेबलावर ब्रेड, लोणी, हॅम, उकडलेली अंडी, मनुकांचा तो तिरस्करणीय केकसुद्धा, मुलीच्या मुलांसाठी. चहाची किटली आवरण घालून तयार. आणि बैठकीत आजी, मुलगी, जावई, त्यांची मुलं आणि मी.

"येतील," आजी म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कळलं नाही.

अडीच-तीनच्या सुमाराला आले ते आमचे मराठी लोक. ज्यांना आजोबांनी बर्फात चालवायला शिकवलं होतं ते सगळे, मुंगीच्या चालीनं गाड्या हाकत, एकमेकांचे कोट धरत. माझा नवरा सासूबाईंचा हात धरून घेऊन आला. मला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं की मी दारातच एका काकूंना मिठी मारली. त्यांच्या हातात पिठलं-भाताचं मोठं भांडं होतं, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं.

आणि मग आम्ही आपल्या रीतीप्रमाणे शोक केला. सगळ्यांनी बूट काढले. खुर्च्या असताना गालिच्यावर बसले. कुणी बोललं नाही. कुणी मान खाली घातली, कुणी नखं बघत राहिलं. आजींच्या मुलीनं चहाचे कप फिरवायला घेतले तर पहिल्या काकांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. "नो, नो. प्लीज डोन्ट ट्रबल." दुसऱ्यांनी तसंच. माझा नवरा म्हणाला, "वी जस्ट एट, रिअली." ते खरंही होतं. सगळे मुद्दाम घरून जेवून आले होते, दुःखाच्या घरी भार नको म्हणून. सुतकाच्या घरचं पाणीही घेऊ नये हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, ते आम्हाला माहीतच होतं.

मुलगी ट्रे घेऊन माझ्याजवळ आली. "यांना आवडत नाही का? काही चुकलं का आमचं?"

मी उत्तर द्यायच्या आधी आजी उठल्या. त्यांनी स्वतः ब्रेडची थाळी घेतली.  एकेकासमोर वाकायच्या, थाळी पुढं करायच्या. समोरचा हात जोडायचा, डोळ्यांत खरोखरचं पाणी असायचं, आणि मान नकारार्थी हलायची. पुढचा. पुढचा. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो चेहरा एकेका नकाराला म्हातारा होत गेला. माझ्या मनात आलं, उठावं, एक तुकडा घ्यावा, पण शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर, मृतदेह असलेल्या खोलीत, तोंडात घास घालायचा माझा धीर झाला नाही.

थाळी आमच्यासमोर आली. आजी काहीतरी म्हणाल्या, अगदी हळू.

"काय म्हणतात त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणतात, तो वाईट माणूस नव्हता." मी सांगितलं. "आई, यांच्याकडे असं असतं. आलेल्यानं खाल्लं नाही तर गेलेला माणूस कुणालाच नको होता, असा अर्थ होतो."

सासूबाई थाळीकडे बघत राहिल्या. थाळीवरून पेटीकडे. आजोबांचे हात दिसत होते, जपमाळ गुंडाळलेले.

"यात अंडं नाही ना?"

"आई, तुमच्याच ताकाचा आहे."

"मग दे."

मागून एका काकूंनी घाईनं कुजबुजत अडवलं, "आई, अहो, सुतक..."

"सुतक त्यांचं, त्यांच्यापाशी," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "आणि शिवाशिव झालीच तर घरी नळाला गरम पाणी आहे. अन्न घेऊन माणूस पुढ्यात उभं आहे." त्यांनी दोन्ही हातांनी तुकडा घेतला, कपाळाला लावला, आणि खाल्ला. सावकाश, पूर्ण. मग म्हणाल्या, "लोणी पाहिजे होतं. आणि चहा घेते म्हणावं."

मी रडत होते. रडत रडतच लोणी आणायला गेले. परत आले तेव्हा काका लोक कप घेत होते, माझा नवरा थाळीतून दोन तुकडे उचलत होता, आणि मघाशी सुतकाची आठवण करून देणाऱ्या काकू जावयाला विचारत होत्या की पिठलं गरम करायला ओव्हन चालेल का. त्या दिवशी टेबलावरचं हॅम आणि अंडी सोडून सगळं संपलं. आजींनी स्वतः पिठलं-भात घेतला आणि मिरचीनं त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, तेव्हा सगळी खोली पहिल्यांदा हसली.

"आता बोला," आजी म्हणाल्या. खुर्ची पेटीजवळ ओढून त्या बसल्या होत्या, गालांवर रंग आला होता. "त्याच्याबद्दल बोला. चांगलंच बोला असं नाही."

 मग माझा नवरा म्हणाला, "मला ते इडियट म्हणायचे. एव्हरी संडे." मग दुसऱ्या एकानं सांगितलं की गाडी घसरत खड्ड्यात गेली तेव्हा आजोबा शेजारच्या सीटवर बसून राहिले आणि म्हणाले, छान, आता बाहेर कसं काढायचं तेही शिकशील. एका काकूंनी सांगितलं की नवरा हॉस्पिटलमध्ये असताना रोज पहाटे कुणीतरी दारातला बर्फ काढून जायचं, आणि तीन आठवडे त्यांना कळलंच नव्हतं कोण ते. मुलगी ऐकत होती. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. ती येऊन आमच्यात गालिच्यावर बसली, चांगल्या स्कर्टसकट.

बाहेर अंधारून आलं होतं. आजी सासूबाईंकडे वळल्या.

"आणि तुमचा माणूस?" त्यांनी विचारलं. "त्याचं नाव काय होतं?"

मी तेवढं भाषांतर केलं. सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. मंगळागौरीला, हळदीकुंकवाला घेतलं असेल ते उखाण्यात गुंफून, लाजून. एरवी 'हे', 'ते', 'तुझे मामंजी'. पासपोर्टच्या कचेरीतसुद्धा नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा भावाकडे बघितलं होतं. आणि सासरे गेल्यावर? तेव्हा लोक आले, समोर बसले, सुस्कारे टाकले, 'येतो' न म्हणता उठून गेले. त्या तेरा दिवस कोपऱ्यात बसून होत्या. ते कसे होते हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही, त्यांच्या मुलानंही नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीसुद्धा ते नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. माझा नवरा हातात बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, तो पुढं झाला, "आई, मी सांगतो..."

त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. आणि नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव, आडनावासकट.

"जरा मोठ्यानं," आजी पुढं वाकून म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू दे."

सासूबाईंनी पुन्हा नाव घेतलं. या खेपेला खोलीभर. आजींनी चहाचा कप उचलला, मग एकेकानं उचलला. आजींनी सासूबाईंच्या बशीत ब्रेडचा आणखी एक तुकडा ठेवला, वर लोणी जाडसर लावून. "आता सांगा त्यांच्याबद्दल," त्या म्हणाल्या. "रस्ते बंद आहेत. कुणाला कुठं जायचं नाही."

"तापट होते," सासूबाई म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितलं. आजींनी समजल्यासारखी पेटीकडे मान वळवली.

"पंधराव्या वर्षी मी त्या घरात आले. मिठाचा अंदाज नव्हता मला. सासू कडक, चुकलं की पंगतीतच बोलायच्या. हे पहिला घास घ्यायचे, आणि मीठ कमी असलं की पाण्याचं भांडं उजवीकडून डावीकडे ठेवायचे. मग मी बाकीच्यांना वाढताना मीठ आधी फिरवायची. कधी कुणाला कळलं नाही. मला पुढं सगळं येत होतं तरी ते पाण्याचं भांडं बघितल्याशिवाय मी पुढचं वाढत नव्हते. शेवटच्या दिवशी पेज दिली तेव्हा हात उचलत नव्हता. तरी त्या भांड्याकडे गेला."

माझ्यानं पुढं बोलवेना. आजी वाट बघत होत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझा नवरा दारातून आला, आईजवळ खाली बसला, आणि आपल्या वडिलांची ती गोष्ट, जी त्यानं स्वतः आत्ताच पहिल्यांदा ऐकली होती, पहिल्यापासून इंग्रजीत सांगायला लागला.